रेघेला तारीख हवी

मामांनी चौतीस वर्षं नगररचना विभागात नोकरी केली. मी वकिली करते आणि माझ्याकडच्या बऱ्याच फायली आरक्षणाच्या, रस्तारुंदीच्या, भूसंपादनाच्या असतात. मामांसारख्यांनी आखलेल्या रेघांखाली सापडलेली माणसं माझ्या कचेरीत येतात. इतकी वर्षं आम्ही दोघांनी हा विषय जेवणाच्या पानावर कधी काढला नाही. गेल्या महिन्यात तो काढावा लागला, कारण फाइल आमच्याच घरची होती.

माझ्या वडिलांनी एका लहान शहरात अकरा गुंठे जागा घेतली होती. निवृत्तीनंतर तिथे घर बांधायचं, असा बेत होता. पुढे शहराचा विकास आराखडा मंजूर झाला आणि त्या जागेवर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. सुधारित आराखड्यातही ते तसंच राहिलं. या गोष्टीला आता तीस वर्षं उलटून गेली. मैदान झालं नाही आणि घरही झालं नाही. वडील गेले. आज तिथे बाभळी माजल्या आहेत, कोपऱ्यात कुणाचं तरी भंगार पडलेलं असतं आणि आसपासची मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. आईच्या सहीसाठी मी नगरपरिषदेला द्यायची खरेदीची नोटीस तयार केली, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम १२७ खालची. ती मामांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं नीट वाचली आणि म्हणाले, "ही देऊ नकोस."

मी: का देऊ नको?

मामा: पुढे काय होणार ते तुलाही दिसतंय म्हणून. नोटीस गेल्यापासून चोवीस महिन्यांत नगरपरिषदेनं जागा घ्यायला हवी, नाहीतर संपादनाची पावलं तरी उचलायला हवीत. तिच्याकडे पैसा नाही, ती काही करणार नाही. आरक्षण व्यपगत होईल, म्हणजे उठेल. मग त्या अकरा गुंठ्यांवर सहा मजली इमारत उभी राहील. त्या वॉर्डात दुसरी मोकळी जागा नाही, मी स्वतः फिरून पाहिलंय. एकदा गेलेलं मैदान परत येत नाही.

मी: मामा, ते मैदान होतं कधी? गेली तीस वर्षं ते फक्त नकाशात आहे. त्याची किंमत मात्र खरीखुरी भरली गेली आणि ती एकट्या बाबांनी भरली. बांधकामाची परवानगी नाही, बँकेचं कर्ज नाही, विकायला काढलं तर गिऱ्हाईक आरक्षण ऐकूनच परत जायचं. शेवटची दहा वर्षं ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. प्रॉपर्टी कार्डावर त्यांचं नाव होतं, एवढीच काय ती त्यांची मालकी.

मामा: तुझ्या वडिलांवर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण तू एका घरावरून शहराचा हिशेब मांडते आहेस. शहराला जागा घेण्याचा अधिकार नसता, तर आपण कसे राहिलो असतो? १८९६ चा प्लेग आठव. मुंबईत हवा-उजेड नसलेल्या चाळींत माणसं पटापट गेली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानं जागा ताब्यात घेतल्या, जुन्या वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. आज माटुंग्याच्या झाडांखालून चालताना सगळे म्हणतात, काय सुंदर आखणी आहे. प्रत्येक मालकाची मर्जी विचारत बसलो असतो, तर ती झाली असती का?

मी: त्याच ट्रस्टची दुसरी बाजूही सांगा. पाडलेल्या वस्त्यांतली गरीब माणसं नव्या वसाहतींत गेली नाहीत. ती शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि तिथली दाटी आणखी वाढली. घर पाडण्याचा वेग मोठा होता, घर देण्याचा लहान. आणि या ट्रस्टच्या विश्वस्तांत शहरानं निवडून दिलेली माणसं अल्पसंख्य होती. ज्याचं घर पडलं, त्यानं जाब विचारायचा कुणाला? शेवटी १९३३ मध्ये ट्रस्टचं काम महापालिकेकडे आलं. अधिकार असावा की नसावा, हा माझा प्रश्नच नाही. अधिकार वापरणाऱ्याला कुणी विचारू शकतं का, एवढंच मला विचारायचंय.

मामा: विचारायची सोय कायद्यात आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती आल्या. लोक बोललेच नाहीत, असं कसं म्हणशील?

मी: लोक बोलले, पण उत्तर कुणी दिलं? त्या हरकतींवर महापालिकेचा निर्णय वेळेत झाला नाही, म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारनं आराखडा आपल्या हाती घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१७ च्या जानेवारीत मंजुरी दिली. आता एखाद्या माणसाला विचारायचंय की माझ्या घरावरचं आरक्षण का ठेवलं, तर तो जाणार कुठे? नगरसेवक म्हणतो, मंजुरी सरकारची. मंत्रालय म्हणतं, प्रस्ताव महापालिकेचा. अधिकारी म्हणतात, आधीच्या साहेबांच्या काळातलं. आणि २०२२ च्या मार्चपासून पुण्या-मुंबईच्या महापालिकांत तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासकच सगळं पाहत होते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय लिहिला, तो निवडून आलेल्या स्थानिक संस्थेसाठी. त्या संस्थेची खुर्चीच रिकामी असेल, तर कागदावरच्या कलमानं काय होतं?

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मामींनी चहा आणून ठेवला. मग त्यांनी आवाज न चढवता दुसरं टोक धरलं.

मामा: तू कोर्टात मालकांच्या बाजूनं उभी राहतेस, म्हणून तुला मालकच दिसतो. मी एका जुन्या पेठेत आग लागलेली पाहिली आहे. अग्निशमन दलाचा बंब गल्लीच्या तोंडाशी अडकला. जवानांनी पाईप खांद्यावर घेऊन पळत नेले. एक म्हातारी वरच्या माडीवर होती. ती वाचली नाही. त्या गल्लीला रुंदीची रेघ होती, मीच आखलेली. दोन्ही बाजूंच्या मालकांनी स्थगिती आणून ती वीस वर्षं रोखून धरली होती. त्या म्हातारीला जाब विचारायची सोय होती का?

मी: नव्हती. आणि अशा गल्लीतल्या मालकाचा हट्ट मी कधी चालवणार नाही. पण सगळ्याच रस्तारुंदीच्या मागे बंब नसतो. पुण्यात २०२० मध्ये स्थायी समितीनं सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मान्य केला आणि वाद पेटला. नऊ मीटरच्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा हस्तांतरणीय बांधकाम हक्क, वापरता येतो, सहा मीटरच्या रस्त्यावर नाही. म्हणून लोकांनी विचारलं, हा रस्ता वाहतुकीसाठी रुंद करताय की जादा मजल्यांसाठी? कारण काहीही असो, ते कारण उघड लिहून द्या. बंबासाठी हवा असेल तर बंब लिहा, लोक स्वतःहून ओटे काढून देतील.

मामा: सगळे देणार नाहीत.

मी: सगळे देणार नाहीत, तिथे सक्ती करा. पण आधी कारण द्या. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. महापालिकेनं एक जागा उद्यानासाठी घेतली म्हणून दावा केला, पण ज्या कलमाचा आधार दाखवला त्यात सक्तीनं जागा घेण्याची तरतूदच नव्हती. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून निघाला, हे खरं. पण कलम ३००अ शिल्लक आहे आणि त्यात सात गोष्टी येतात, असं न्यायालय म्हणालं: नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, वेळेत आणि नीट चाललेली प्रक्रिया, आणि शेवटी ती प्रक्रिया पूर्ण होणं. मामा, बाबांच्या बाबतीत शेवटच्या दोन गोष्टी कुठे आहेत? तीस वर्षांत ती प्रक्रिया सुरूही झाली नाही आणि संपलीही नाही.

मामा: न्यायालयावर इतका भार टाकू नकोस. मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती घे. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर इमारत संपादन करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यायची. खाजगी इमारत समाजाची मानून अशी घेता येते का, असं विचारत मालक न्यायालयात गेले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचलेलं ते प्रकरण नऊ न्यायाधीशांपुढे गेलं आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला: प्रत्येक खाजगी मालमत्तेला समाजाची भौतिक साधनसंपत्ती म्हणता येणार नाही. तत्त्व ठरायला बत्तीस वर्षं लागली. तेवढ्या काळात जुन्या मुंबईत दर पावसाळ्यात इमारती पडत राहिल्या. पडताना मालक कोण आणि भाडेकरू कोण, हे त्या पाहत नाहीत.

मी: तेच तर म्हणते मी. शहराचा प्रश्न शहरातच सुटायला हवा. स्थानिक संस्था उत्तर देत नाही, म्हणून लोक न्यायालयाच्या पायऱ्या चढतात.

मामा: बरं, मग भाडेकरूचं बोल. तुझ्या सात हक्कांत त्याचं काय? रस्तारुंदीत मालकाला टीडीआरचं प्रमाणपत्र मिळतं, ते तो बिल्डरला विकतो. तळमजल्यावर चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवणाऱ्या शिंप्याचं दुकान अर्धं कापलं जातं. त्याला काय मिळतं?

मी: हा घाव बरोबर बसला, मामा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या मालकापुरती नाही. तीन वर्षं तिथे राहून पोट भरणारा भाडेकरू आणि कारागीरही त्यात येतो. शहरात बाजारभावावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे एकूण मोबदला साधारण दुप्पट. पण हा रस्ता महाग पडतो, म्हणून महापालिका मालकाशी करार करून टीडीआर देते. त्या करारावर शिंप्याचं नाव येईलच असं नाही. पैसा वाचतो, आणि पैशाबरोबर त्या कायद्यानं शिंप्याला दिलेलं संरक्षणही बाजूला पडतं.

मामा: आणि पैसा नाही म्हणून तर टीडीआर आला. मुंबईत १९९१ च्या नियमावलीनं तो आणला, तेव्हा आम्हाला वाटलं, वाट सापडली. तिजोरीतून दमडी न देता रस्ते होतील, बागा होतील. काही झाल्यासुद्धा.

मी: तिजोरीत दमडी नसते की ती दुसरीकडे जाते? अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या शीर्षाखाली रक्कम दाखवतात आणि वर्ष संपत आलं की तिचं वर्गीकरण होतं. कुठे कमानीला, कुठे चांगल्या फरशा उखडून नव्या फरशांना. तुम्ही आत होतात. खोटं बोलतेय का मी?

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. कप बशीवर ठेवला.

मामा: खोटं नाही. मी वर्गीकरणाच्या प्रस्तावांवर अभिप्राय लिहिलेत. "भूसंपादनाची कार्यवाही चालू वर्षी अपेक्षित नाही, सबब रक्कम उपलब्ध आहे." हे वाक्य माझ्या हातचं आहे. किती वेळा लिहिलं, मोजलं नाही. त्या रकमेच्या पलीकडे कुणाची तरी जागा अडकलेली आहे, हे लिहिताना डोळ्यांपुढे यायचं नाही. आम्ही ट्रेसिंग पेपरवर काम करायचो. त्यावर घर म्हणजे एक चौकोन.

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

मी: मामा, अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात न्यू लंडन नावाचं शहर आहे. फायझर कंपनीचं संशोधन केंद्र शेजारी येणार, म्हणून शहरानं फोर्ट ट्रंबुलची वस्ती घ्यायचं ठरवलं. हॉटेल, कचेऱ्या, नवी घरं, नोकऱ्या, वाढीव कर, असा आराखडा होता. सुझेट केलो आणि तिचे काही शेजारी न्यायालयात गेले. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात शहर पाच विरुद्ध चार मतांनी जिंकलं. आर्थिक विकास हाही सार्वजनिक उपयोगच, असं बहुमत म्हणालं. आराखडा प्रत्यक्षात उतरेलच का, हे तपासायला न्यायालयानं नकार दिला. २००९ मध्ये फायझरनंच ते शहर सोडायचं जाहीर केलं. घरं हटलेली जागा वर्षानुवर्षं ओसाड राहिली. त्या निकालानंतर चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे बदलले.

मामा: यातून तुला म्हणायचंय की सरकारनं जागा घेऊच नये.

मी: नाही. तिथे जागा घेतली आणि वापरली नाही. इथे घेतलीही नाही आणि सोडलीही नाही. दोन्हीकडे एकच गोष्ट झाली: वचन मोडलं आणि मोडणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. आराखड्याच्या प्रत्येक रेघेला मला तीन गोष्टी जोडलेल्या हव्यात. तारीख, तरतूद आणि नाव. ही जागा कधीपर्यंत घेणार, त्यासाठी कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात किती पैसे ठेवणार आणि ते झालं नाही तर सभेपुढे उभं राहून कारण कोण सांगणार. हे लिहिता येत नसेल, तर ती रेघ आखू नये.

मामा: मग निम्मी आरक्षणं उडतील.

मी: उरलेली निम्मी खरी होतील. आज नकाशावर बागा, शाळा, दवाखाने सगळं आहे. नकाशा पाहिला की शहर स्वर्ग वाटतं, बाहेर पडलं की मुलं रस्त्यावर खेळताना दिसतात. या खोट्या नकाशानं मालक फसतोच, पण त्याहून जास्त फसते ती मैदानाची वाट पाहणारी वस्ती.

मामा: सगळा भार एकाच मालकावर पडतो, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. त्यावर उपायही जुना आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातल्या योजना. पार्ले, सांताक्रूझ, वांद्रे तशाच वसले. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र मोजायच्या, रस्ते आणि मैदानं सगळ्यांच्या हिश्शातून काढायची आणि प्रत्येकाला लहान पण चांगला अंतिम भूखंड परत द्यायचा. कुणी एकटा बुडत नाही, कुणी एकटा तरत नाही. त्याला वेळ आणि चिकाटी लागते. आम्ही आरक्षणाचा शिक्का मारून मोकळे होत राहिलो, कारण ते सोपं होतं.

मी: हे तुम्ही नोकरीत असताना कधी म्हणाला नाहीत.

मामा: कुणी विचारलं नाही. आणि मीही बोललो नाही. दोन्ही चुकाच.

संध्याकाळ झाली होती. मी नोटीस पिशवीत ठेवू लागले, तेव्हा मामांनी हात पुढे केला.

मामा: थांब. नोटीस दे, ती देण्याचा तुझ्या आईला हक्क आहे. तुझ्या वडिलांनी दोन आराखड्यांच्या मधल्या काळात ती दिली असती, तर बरं झालं असतं. नोटीस देण्याआधी आराखड्याला दहा वर्षं व्हावी लागतात, आणि सुधारित आराखडा लागू झाला की ती पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागू शकतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसणार. पण एक परिच्छेद घाल. लिही की या जागेवर मैदान झालं तर आम्हाला आनंदच होईल. कायद्यानं ठरेल तो मोबदला द्या आणि दोन वर्षांत मैदान करा. आणि या नोटिशीची प्रत त्या वॉर्डातल्या नगरसेवकाला आणि आसपासच्या सोसायट्यांना पाठव. चोवीस महिन्यांचं घड्याळ सुरू झालंय, हे त्यांनाही कळू दे. मग मैदान गेलं, तर कुणामुळे गेलं ते सगळ्यांना ठाऊक असेल.

मी पेन काढलं आणि तो परिच्छेद तिथेच लिहिला. इतक्या वर्षांत मी अशा किती नोटिसा दिल्या, पण प्रत शेजाऱ्यांना पाठवावी, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी मालकाचा मार्ग मोकळा करत होते. मामा आयुष्यभर शहराची जागा राखत होते. आमच्या दोघांच्या मध्ये ज्यांची मुलं रस्त्यावर खेळतात, त्यांना आम्ही दोघांनीही कधी पत्र लिहिलं नव्हतं.

आईनं सही केली. नोटीस पोच घेऊन दिली आहे. शेजारच्या चार सोसायट्यांना प्रती गेल्या आहेत. त्यातल्या एकीनं आपल्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला आहे आणि नगरपरिषदेच्या येत्या अंदाजपत्रकात या मैदानासाठी तरतूद मागायचं ठरवलं आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या शहराचा, तुमच्या भागाचा विकास आराखडा एकदा जाऊन पाहा. तो सार्वजनिक कागद आहे. तुमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कोणती मैदानं, शाळा, दवाखाने त्यावर दाखवले आहेत, ते मोजा. मग प्रत्येकाबद्दल लेखी विचारा: कधी होणार, पैसे कुठे ठेवलेत, जबाबदार कोण? तुमची जागा जात असेल तरी विचारा आणि जात नसेल तरी विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.